‘माझा जिंकला’ या कार्डाचं शुद्धिपत्र

तीर्थस्वरूप सौ. ताईच्या चरणी,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे हल्ली प्रत्यक्षात पाचच अंगं जमिनीला टेकतात, पण कागदावर आठही टेकवायला कुणाची ना नाही.) तुझी, भाऊजींची, भाऊजींच्या कंबरेची आणि तुमच्या नव्या इमारतीतल्या लिफ्टची प्रकृती उत्तम असावी अशी आशा करतो. आमच्याकडे सर्व क्षेम आहे. जे नाही ते ओघाने येईलच.

प्रथम तक्रार. घर लहान घेतलं म्हणून तू रेकॉर्डचं खोकं माझ्याकडे पाठवलंस, त्याबद्दल मी तुझा ऋणी आहे. पण त्या खोक्याला तू सुतळीच्या अकरा गाठी मारल्या होत्यास, या कृत्याचा मी तीव्र निषेध करतो. अकरा! आत रेकॉर्ड होत्या की कैदी? सुतळी कापायची नाही, गाठ सोडवायची, हा बाबांचा नियम तुलाही ठाऊक आहे आणि मी तो मोडणार नाही हेही तुला ठाऊक होतं, म्हणजे हा गुन्हा थंड डोक्याने केलेला आहे. पाऊण तास मी नखं, दात, चमच्याचं टोक आणि संस्कृतातल्या काही निवडक शिव्या (आहेत, विपुल आहेत, शिकवत नाहीत इतकंच) वापरून त्या गाठींशी झुंजलो. तुझी भावजय सर्व वेळ कात्री घेऊन शेजारी उभी होती. "तुम्ही फक्त तिकडे बघा, मी एकदाच कच्‌ करते," असं तिने दोनदा सुचवलं. ती दुसऱ्या घराण्यातून आली आहे, तिला क्षमा आहे. सुतळी मी गुंडाळून ठेवली आहे. पुराव्यादाखल.

आत एकोणीस रेकॉर्ड आणि तुझी चिठ्ठी: "ऐक आणि कळव, अजून कोण जिंकतं ते." यावर मी गेल्या महिन्यात तुला एका ओळीचं कार्ड टाकलं, "माझा जिंकला." त्यावर तुझा फोन नाही, पत्र नाही, साधा टोमणा नाही, यावरून तू किती खवळली असशील याची कल्पना येते. तर ते कार्ड फाडून टाक. हे पत्र म्हणजे त्या कार्डाचं शुद्धिपत्र आहे. आयुष्यभर छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुकांची शुद्धिपत्रं केली; स्वतःच्या एका ओळीच्या मजकुराला सहा पानांचं शुद्धिपत्र जोडायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

(तुझी पत्रं भाऊजी तुझ्या आधी वाचतात हे मला माहीत आहे, आणि या प्रकरणाची तू त्यांना तुझीच बाजू सांगितली असणार. म्हणून त्यांच्यासाठी: बाबांनी रेडिओग्रॅम घेतला तेव्हा त्या लाकडी कपाटाबरोबर नमुन्याची एक रेकॉर्ड फुकट मिळाली होती. स्टिरिओ म्हणजे काय ते गिऱ्हाइकाला कळावं म्हणून तिच्यात एक घंटा, एक आगगाडी आणि शेवटी टेबल टेनिसचा एक सामना होता. डावीकडून टक्‌, उजवीकडून टिक्‌, डावीकडून टक्‌, उजवीकडून टिक्‌, आणि शेवटी टाळ्या. दर रविवारी आम्ही दोघं कपाटासमोर बसून त्या सामन्यावर गोळ्यांची पैज लावायचो. ताई डावीकडचा खेळाडू घ्यायची, मी उजवीकडचा. पूर्ण दोन वर्षं, भाऊजी, दर रविवारी मी हरलो, आणि दर रविवारी ही मला सांगायची, "आज तुझा फॉर्मात वाटतोय." रेकॉर्डवरच्या सामन्याचा निकाल बदलत नसतो हे मला तिसरीच्या वार्षिक परीक्षेच्या सुमारास सुचलं. तुम्ही कुणाशी संसार करताय ते एकदा कळलेलं बरं.)

तर मला हवं होतं एवढंच: तो सामना पुन्हा ऐकायचा, दोन्ही बाजूंनी, नीट. त्यासाठी टर्नटेबल हवं.

पहिलं यंत्र मी मोठ्या दुकानातून घेतलं, कारण तिथे एसी होता. लाल रंगाची, पेटीसारखी बंद होणारी वस्तू. विक्रेता म्हणाला, "सर, सगळं आतच आहे." होतं खरं. दोन्ही स्पीकर आतच, एकमेकांपासून वीतभर अंतरावर, त्यामुळे आपला सामना हातरुमालावर खेळल्यासारखा ऐकू आला. त्यात मी वेगाची कळ तेहतीसऐवजी पंचेचाळीसवर ठेवली होती. दोन्ही खेळाडूंना जणू गाडी पकडायची होती आणि टाळ्या वाजवणारी मंडळी उंदरांची असावी असं वाटलं. तुझी भावजय स्वयंपाकघरातून म्हणाली, "डब्यासारखं दिसतंय, डब्यासारखंच वाजतंय." ही टीका वर्मी लागली, कारण ती बरोबर होती.

मग छापखान्यात कुणीतरी 'सुईवाल्यां'चं नाव सांगितलं. त्यांचं खरं नाव त्या गल्लीतही कुणाला ठाऊक नाही. एका चिंचोळ्या जिन्याखाली दुकान, आत तीन भिंतींना यंत्रं, चौथ्या भिंतीच्या जागी स्वतः ते. माणूस इतका मितभाषी की सूत्रकारांनी यांच्याकडे शिकवणी लावावी. मी लाल पेटी पुढे ठेवली. त्यांनी तिचा दांडा बोटाने उचलून पाहिला आणि म्हणाले, "ही सुई नाही, नांगर आहे." नंतर मोठ्या कष्टाने त्यांनी याचं भाष्य केलं: असल्या पेट्यांमध्ये सुईचा भार कमीजास्त करता येत नाही, ती रेकॉर्डच्या रेषा उकरत जाते, आणि वर्षभरात पीक निघून जातं. पेटी त्यांनी आपणहून मोठ्या दुकानाला परत करवली. कशी ते विचारलं नाही. ते फोनवर तीन शब्द बोलले एवढं खरं.

त्यानंतर माझी टर्नटेबल-मीमांसा सुरू झाली. तुला ठाऊक आहे, कोणताही प्रश्न मी पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि सिद्धांत या क्रमाशिवाय सोडवत नाही (लग्नसुद्धा याच पद्धतीने ठरवायला गेलो होतो, तुझ्या भावजयीने सिद्धांतापासून सुरुवात केली). काही यंत्रांत थाळी रबरी पट्ट्याने फिरते, काहींत खालची मोटर थेट फिरवते. पट्टावादी म्हणतात, मोटरची थरथर पट्ट्यातच जिरते. मोटरवादी म्हणतात, पट्टा सैल पडतो. काही यंत्रं रेकॉर्ड संपली की दांडा आपण होऊन उचलतात, काहींत उठून जावं लागतं. मी सुईवाल्यांच्या स्टुलावर चार शनिवार बसून दोन्ही मतांचं खंडन केलं. पाचव्या शनिवारी ते म्हणाले, "पंडित, तुम्हाला ऐकायचंय की वाद घालायचाय?" मी प्रामाणिकपणे म्हणालो, "दोन्ही." तेव्हा त्यांनी स्वतःच एक यंत्र काढून माझ्यासमोर ठेवलं. पट्ट्याचं, साधं, काळं, दांड्याच्या शेपटीला फिरवायचं वजन असलेलं, आणि सुई झिजली तर तेवढीच बदलता येईल असं. "पहिलं म्हणून हे पुरे. दुसरं घ्यायला याल तेव्हा वाद घालू."

घरी आणून जोडलं. आवाज आला, पण मुंगीने गायल्यासारखा. सुईवाल्यांना फोन केला. "मधे एक डबी लागते. सुईचा आवाज फार बारीक असतो, तो आधी वाढवावा लागतो. पिशवीतच आहे. उघडली नाही का?" उघडली नव्हती. पिशवीच्या तोंडाला त्यांनी गाठ मारली होती आणि तुझ्या अकरा गाठींनंतर माझ्या अंगात त्राण उरलं नव्हतं. मग डबी लावली. टेबल कलतं होतं, म्हणून यंत्राच्या एका पायाखाली घडी केलेलं प्रूफ घातलं (तिसरं वाचन, शेवटचं, एकही चूक नसलेलं, पाया भक्कम हवा). स्पीकर दोन बाजूंना, मधे माझी खुर्ची. सुई ठेवली, आणि ताई, घंटा वाजली. आपलीच. शेवटी जराशी चिरकणारी. आगगाडी आली, गेली. सामना सुरू झाला. माझा टिक्‌ खणखणीत, आणि तुझा टक्‌ जणू शेजारच्या खोलीतून, तोंडावर रजई घेऊन. असू दे, म्हातारी रेकॉर्ड आहे, म्हटलं. शेवटी माझ्या खेळाडूचा सणसणीत टिक्‌ आला आणि लगेच टाळ्या! पंचेचाळीस वर्षांनी! मी उठून उभा राहिलो. त्याच पावली कार्ड लिहून टाकून आलो.

पण खुर्चीत परत बसलो तेव्हा तो दबलेला टक्‌ मनातून जाईना. विजय हवा, पण निर्दोष यंत्रावर हवा. मी सुईवाल्यांकडे यंत्र घेऊन गेलो. त्यांनी सुई बदलली. घरी तेच. पुन्हा गेलो. त्यांनी वायर बदलल्या. घरी तेच. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ते म्हणाले, "मागच्या वायरी उलटसुलट लावून बघा, डाव्याची उजवीकडे." लावल्या. आता तुझा खेळाडू उजवीकडे आला आणि ठणठणीत बरा झाला. माझा डावीकडे गेला आणि आजारी पडला. (इथे मी सामना पुढे ऐकला असता तर सत्य तिथेच कळलं असतं. पण चारदोन फटके झाले की मी सुई उचलायचो. निकाल काय, तो तर पोस्टाने जाहीर झालेला होता.) मग स्पीकरच्याच जागा बदलल्या. तरी जो डावीकडे जाईल तो निजायचा.

आता बघ, ताई, शास्त्र शिकलेला माणूस कसा चालतो ते. सुई निर्दोष. वायर निर्दोष. दोन्ही स्पीकर निर्दोष. दोष डाव्या बाजूला चिकटलेला. डाव्या बाजूला उरलं काय? भिंत. यावरून अनुमान: भिंत आवाज पिते. मी पुस्तकांची मांडणी डाव्या भिंतीवरून हलवली. उपयोग नाही. मग तिथे तुझ्या भावजयीचं कपाट सरकवलं, साड्यांसकट. मग कपाट काढून सतरंजी टांगली. मग सतरंजी काढून भिंतीला कान लावून उभा राहिलो. तुझी भावजय दारात येऊन बराच वेळ बघत होती. "काय म्हणते भिंत?" तिने विचारलं. मी म्हटलं, "काहीच नाही, तीच तर तक्रार आहे." ती हसली नाही. ती हसली नाही हे मी तेव्हा लक्षात घ्यायला हवं होतं.

अखेर सुईवाले स्वतः घरी आले. चहा घेतला, सामना ऐकला, एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे. मी त्यांना भिंतीविषयीचा सिद्धांत सविस्तर सांगितला. ते ऐकून घेतल्यावर ते उठले आणि म्हणाले, "पंडित, खुर्ची फिरवा. स्पीकरकडे पाठ करून बसा." मी म्हटलं, असं कोण ऐकतं? "बसा तर." बसलो. त्यांनी सुई ठेवली.

माझा टिक्‌, जो इतके दिवस खणखणीत होता, तो आता माझ्या डाव्या हाताला आला होता. आणि तो रजई घेऊन झोपला होता. तुझा टक्‌ उजवीकडून काचेसारखा स्वच्छ येत होता.

मी म्हटलं, "आता ही भिंतसुद्धा?"

सुईवाले म्हणाले, "भिंत जागेवरच आहे."

ताई, इतकं कमी बोलून इतकं कुणी मला सांगितलेलं नाही. कारणांची यादी करताना ऐकणाऱ्याचा डावा कान यादीत घालायचा हे मला सुचलंच नव्हतं. छापखान्यात म्हणच आहे, चूक सगळ्यात शेवटी मथळ्यात सापडते, कारण तिथे कुणी बघतच नाही.

सुईवाले गेल्यावर एकेक गोष्ट आठवायला लागली. आमच्याकडे प्रुफं दोघांनी मिळून तपासायची रीत आहे: वाचक बाई मूळ प्रत मोठ्याने वाचतात, मी छापलेल्यावर नजर ठेवतो. वर्षापूर्वी मी माझं टेबल फिरवून घेतलं, उजेड चांगला येतो म्हणून. उजेडाचा काही संबंध नव्हता. बाई माझ्या उजवीकडे आल्या. मधे त्या चार दिवस डावीकडे बसल्या, तेव्हा इस्त्रीच्या एका माहितीपुस्तिकेत "ओल्या हाताने बटण दाबावे" असं छापून गेलं. बांधणीवाल्याने पाहिलं म्हणून दहा हजार घरं वाचली. मी बाईंना म्हटलं होतं, तुम्ही शब्द गिळता. त्यांची माफी मागायची आहे. फोन मी उजव्याच कानाला लावतो. आणि तुझी भावजय, ताई, रस्त्याने चालताना गेलं वर्षभर माझ्या उजवीकडून चालते आहे, रहदारीच्या बाजूने. मी तिला विचारलं, "तुला माहीत होतं?" ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला सांगायचं नसेल." मग म्हणाली, "आणि खरं सांगू? आधी मला वाटलं, नेहमीसारखंच या कानाने ऐकून त्या कानाने सोडताय. मग लक्षात आलं, सोडायला तो कानच नाही."

त्या संध्याकाळी आम्ही खुर्ची पुन्हा सरळ केली. ती स्टूल घेऊन माझ्या डाव्या बाजूला बसली आणि म्हणाली, "लावा तुमचा सामना." मी लावला. डावीकडून टक्‌ आला की ती माझ्या खांद्यावर बोटाने टिचकी मारायची. उजवीकडचा टिक्‌ मी ऐकायचो. टिचकी, टिक्‌, टिचकी, टिक्‌. बत्तीस वर्षांच्या संसारात इतका बिनचूक ताल आमचा कधी जमला नव्हता. शेवटी माझ्या खेळाडूचा तो सणसणीत टिक्‌ आला, मी टाळ्यांची वाट बघत होतो, आणि टाळ्यांच्या अगदी आधी खांद्यावर एक हलकीशी टिचकी पडली. अलगद, नेटच्या जरा पलीकडे टाकल्यासारखी. मग टाळ्या.

तर शुद्धिपत्र: 'माझा जिंकला' याऐवजी 'तुझाच जिंकला' असं वाचावं. नेहमीप्रमाणे.

नेहमीच्या डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिलं. मळ आहे म्हणाले, पण सगळा आळ मळावर घेता येणार नाही; नीट तपासणी करून घ्या, हल्ली कानात घालायची यंत्रं शेंगदाण्याएवढी असतात, आणि कारण वेळेत कळलं तर बरंच काही परत मिळवता येतं. हे ऐकून मी सुईवाल्यांना सांगायला गेलो. ते म्हणाले, "म्हणजे मधे डबीच लागणार." त्यांच्या बाजूने हा विनोद होता. मला तो फार आवडला. बाकीच्या अठरा रेकॉर्ड मी उभ्याच ठेवल्या आहेत, आडव्या ठेवल्या की वाकतात, आणि अजून ऐकलेल्या नाहीत. दोन्ही बाजू परत आल्या की ऐकेन. त्यातली बासरीची भाऊजींना हवी असेल तर आत्ताच सांगा, नंतर देणार नाही. आणि त्यांना स्वतःचं यंत्र घ्यायची हौस आली तर पेटीसारखं लाल काही दिसल्याबरोबर त्यांचा हात धरून दुकानाबाहेर काढ.

भाऊजींच्या कंबरेस नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. तपासणी येत्या गुरुवारी सकाळी अकराला आहे. एका काचेच्या खोलीत बसवतात आणि आवाज ऐकू आला की बटण दाबायचं असतं (हात कोरडे असणार, काळजी नसावी). तुझी भावजय येणारच आहे, पण ती सवयीने उजवीकडे बसेल. बाहेर थांबताना डावीकडे कुणीतरी आपलं असावं असं वाटतं. बुधवारच्या गाडीने येतेस का? येताना सुतळी आणू नकोस, इथे आहे.

ता. क. २. वरचं सगळं मी मजेत लिहिलं आहे आणि बरंचसं खरंही आहे. पण तुला एक सांगायचं राहिलं. बाबा शेवटी शेवटी कशालाही "हो, हो" म्हणून हसायचे, आठवतं? आपण मुद्दाम विचारायचो, "बाबा, घरात हत्ती आणू का?" आणि ते म्हणायचे, "हो, हो, आण." आपण पोट धरून हसायचो, तेही हसायचे. त्यांनी रेडिओग्रॅम लावणं बंद केलं तेव्हा आपल्याला वाटलं, कंटाळले असतील. मला कमी ऐकू येण्याची फारशी भीती वाटत नाही. पण परवा वाचक बाईंनी मला काहीतरी विचारलं, मी हसून "हो, हो" म्हणालो, आणि त्या समाधानाने निघून गेल्या. काय विचारलं होतं, ते मला अजून माहीत नाही.